सहा नोमॉस आणि सरांची भिशी

आमच्या भिशीत दहा जण आहेत. महिन्याला प्रत्येकाचे पंधरा हजार. एरवी भिशीचा पैसा लग्नात, सोन्यात नाहीतर दुकानाच्या मालात जातो, आमचा घड्याळात जातो. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यानं दीड लाखात, लागलेच तर पदरचे थोडे घालून, एक घड्याळ घ्यायचं आणि पुढच्या बैठकीत ते सगळ्यांच्या हातात द्यायचं, एवढाच नियम. बहुतेक सभासद छत्रपती संभाजीनगरचे, एक जालन्याचा, आणि लातूरहून एक सीए येतात. त्यांच्या सोयीसाठी बैठक कायम रविवारी दुपारी, डॉक्टरांच्या घरी.

हे प्रकरण सरांचं. सर पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पैठण रस्त्याला त्यांची मोसंबीची बाग आहे. मनगटावर नोकरी लागल्यापासून एकच घड्याळ: एचएमटी जनता, देवनागरी आकड्यांचं. आमच्यात ते घड्याळांचे शौकीन म्हणून आलेच नव्हते. डॉक्टरांचे शेजारी म्हणून चहाला आले आणि राहिले. उन्हाळ्यात त्यांची चिठ्ठी निघाली तेव्हा म्हणाले, "नोमॉस घ्यायचं हे माझं ठरलंय. त्यातलं कोणतं ते तुम्ही सांगा. सहा जणांकडं आहे, आणि सहाही जणांना आपापलंच चांगलं वाटतं."

नोमॉस या एका छोट्या स्वतंत्र जर्मन कंपनीची सहा वेगवेगळी घड्याळं, सहा मालक, आणि ज्याला निवडायचं आहे तो माणूस या छंदाच्या बाहेरचा. निवड कशी होते हे पाहायला इतकी सोयीची मांडणी मुद्दाम करूनही जमली नसती, म्हणून हे सगळं लिहून ठेवलं.

मराठवाड्यात नोमॉस आलं कसं

बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. शहरातल्यांना वाटू नये. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, वाळूजला एंड्रेस हाउझर आहे, आणि अशा कंपन्यांना माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांतूनही माणसं जर्मनीला ट्रेनिंगला, ऑडिटला, मशीन ट्रायलला जातात. येताना कोणी चाकू आणतो, कोणी पाने-पान्हे. आमच्यातल्या शेंद्र्याच्या इंजिनिअरनं तिथल्या एका सहकाऱ्याच्या हातात एक पांढरंशुभ्र, चपटं घड्याळ पाहिलं आणि पुढच्या फेरीत स्वतःला घेऊन आला. ते आमच्यातलं पहिलं नोमॉस. मग एकाचं पाहून दुसऱ्यानं.

कंपनी फार जुनी नाही. बर्लिनची भिंत पडल्यावर काही आठवड्यांतच, 1990च्या जानेवारीत, रोलांड श्वेर्टनर यांनी ती ग्लासह्युटे या गावात काढली. ग्लासह्युटे म्हणजे सॅक्सनीच्या डोंगरातलं जेमतेम सात हजार वस्तीचं गाव. तिथल्या खाणी संपल्या, हाताला काम राहिलं नाही, तेव्हा 1845मध्ये फर्डिनांड आडोल्फ लांगे यांनी सरकारी कर्ज घेऊन तिथल्या पोरांना घड्याळाचं काम शिकवायला सुरुवात केली. युरोपातल्या दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी शेवटच्या दिवशी गावावर बाँब पडले, नंतर पूर्व जर्मनीच्या सरकारनं कारखाने ताब्यात घेतले, आणि 1951मध्ये सगळे मिळून एकच सरकारी कारखाना झाला. पुढची चाळीस वर्षं गावात तेवढंच होतं. नोमॉसचं मुख्य ऑफिस आज त्या गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत आहे.

सरांना नोमॉसच का, याचं उत्तर मला या इतिहासात सापडतं, डिझाइनमध्ये नाही. एचएमटीचा घड्याळ कारखाना बंगळूरला 1961मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं उभा राहिला आणि 2016मध्ये तो घड्याळाचा धंदा बंद करायचा निर्णय झाला. सरकारी घड्याळ कारखान्याचं तिकडंही तेच झालं असतं, पण त्या गावातून दोन-चार माणसांनी पुन्हा सुरुवात केली आणि चावीचीच घड्याळं काढली, ही गोष्ट सरांनी कुठंतरी वाचली होती. "आपल्याकडं तुमकूरला असं कोणी कामून नाही केलं?" असं ते दर बैठकीत एकदा तरी विचारायचे. तुमकूरलाही एचएमटीचा घड्याळ कारखाना होता. उत्तर कोणाकडंच नव्हतं.

टेबलावर काय होतं

शेंद्र्याच्या इंजिनिअरचं टांगेंटे 38 (आकडा म्हणजे मिलिमीटरमधलं माप), पाठीमागं काच. डॉक्टरांचं ओरियन 38. बँकेत अधिकारी असलेल्या ताईंचं चौकोनी टेट्रा. जालन्याच्या पोराचं क्लब कॅम्पस 38. सीएंचं लुडविग, रोमन आकड्यांचं. आणि माझं मेट्रो, तारीख आणि चावी किती उरली ते दाखवणारं.

माझं सोडलं तर या पाचांत मशीन एकच आहे, अल्फा. सुरुवातीच्या वर्षांत नोमॉस स्वित्झर्लंडचं पेझो 7001 हे मशीन घेऊन त्यावर काम करायची. 2005पासून त्याच आराखड्यावरचं स्वतःचं मशीन ती गावातच करू लागली, ते हे अल्फा. जाडी 2.6 मिमी, सतरा ज्वेल (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे), पूर्ण चावी दिली की साधारण 43 तास. ग्लासह्युटे हा शब्द डायलवर छापायचा तर मशीनच्या किमतीतला निम्म्याहून जास्त भाग त्या गावात झालेला असला पाहिजे. ही अट आधी रूढीनं होती, 2022पासून ती जर्मनीत कायद्याची झाली. माझ्या मेट्रोत पुढचं मशीन आहे. त्यातली बॅलन्स (मागंपुढं फिरून घड्याळाची चाल ठरवणारं चाक) आणि तिची केसासारखी स्प्रिंग कंपनीनं ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाला सोबत घेऊन स्वतः तयार केली आणि 2014मध्ये बाजारात आणली. लहान कंपनीनं ही स्प्रिंग स्वतः करणं ही मोठी गोष्ट आहे, कारण बहुतेक कंपन्या ती एकाच स्विस पुरवठादाराकडून घेतात. हे मी बैठकीत सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यानं वेळ जास्त बरोबर दाखवली का टांगेंटेपेक्षा?" दोन्ही घड्याळं दिवसाला काही सेकंदांच्या आतबाहेर चालतात. मी गप्प बसलो.

तक्ता

मी क्वालिटीत आहे. पुरवठादार निवडताना आम्ही वजनी गुणांचा तक्ता करतो: निकष मांडायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, गुणाकार करायचा, बेरीज करायची. तोच इथं लावला. डायल, मशीन, जाडी, मनगटावर बसणं, पाणी, किंमत, दुरुस्ती असे सात निकष सगळ्यांनी मिळून ठरवले. स्वतःच्या घड्याळाला गुण द्यायचे नाहीत असा नियम सीएंनी घातला, आणि तो बरा झाला.

टांगेंटे 38 पहिलं आलं. मेट्रो दुसरं, कॅम्पस तिसरं. ओरियन, लुडविग आणि टेट्रा बरेच मागं. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. टांगेंटे हे या कंपनीचं सगळ्यांत ओळखीचं घड्याळ. 1992मध्ये कंपनीची पहिली चार घड्याळं आली, टांगेंटे, ओरियन, लुडविग आणि टेट्रा, सगळी सुझान ग्युंथर यांच्या हातची. टांगेंटेची डायल 1930च्या दशकातल्या जर्मन डायलवरून घेतलेली आहे: बारीक आकडे, एकाआड एक, मध्ये नुसत्या रेघा, सहाच्या जागी छोटा सेकंद काटा. त्यात नापसंत करण्यासारखं काही सापडतच नाही, आणि गुणांच्या तक्त्यात अशीच वस्तू वर येते.

मग ताईंनी एक साधा प्रश्न टाकला. "पैशाची अडचण आली आणि सगळी घड्याळं विकावी लागली, तर शेवटी कोणतं विकाल?" आणि फेरी फिरवली. पाच जणांनी आपापलं नोमॉस सांगितलं. तक्त्यात शेवटच्या नंबरावर असलेलं टेट्रा ताई शेवटपर्यंत विकणार नव्हत्या. लुडविगला कोणीच मशीन सोडून कशालाही चांगले गुण दिले नव्हते, तरी सीए ठाम. मी एकटाच असा निघालो की ज्यानं स्वतःच्या मेट्रोऐवजी जुनी एचएमटी पायलट सांगितली.

माझं मत असं की तक्ता नको ते बाजूला काढायला चांगला. हवं ते त्यातून निघत नाही, कारण तक्ता सगळ्यांच्या मतांची सरासरी काढतो आणि आवड एकाच माणसाची असते. त्यातही आमच्या सात निकषांत सरांचा एकही नव्हता. "पाणी" हा निकष पोहण्याचा विचार करून लिहिलेला. आमच्यातलं कोणी घड्याळ घालून पोहायला गेल्याचं ऐकिवात नाही.

हातात घालून

ताईंच्याच आग्रहावरून ठरलं की सहाही घड्याळं आळीपाळीनं सरांकडं जातील. प्रत्येक मालकानं आपली अट घातली. डॉक्टरांची अट, शेतात न्यायचं नाही. जालन्याचा म्हणाला, शेतातच न्या, बाकी कुठं नेऊ नका.

त्याचं कारण होतं. क्लब कॅम्पस शंभर मीटरपर्यंत पाणी अडवतं आणि आमच्या सहांत अंधारात चमकणारे काटे त्याच्याच डायलवर आहेत. शेतीच्या लाइनची पाळी रात्रीची असली की सर मोटार चालू करायला बागेत जातात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, विंचूकाट्याचे दिवस. मोबाइल खिशातून काढायला तिसरा हात नसतो. अंधारात दिसणारं घड्याळ म्हणजे इथं सोयीची गोष्ट आहे, आणि ती आमच्या तक्त्यात नव्हती. पोरगा खूश झाला. त्याचं घड्याळ जिंकल्यात जमा होतं.

सरांनी कॅम्पस घालून रात्रीची एक पाळी केली आणि परत दिलं. डायलवरचे अर्धे आकडे रोमन, अर्धे साधे, त्यावर म्हणाले, "याचं अजून काही ठरलेलं दिसत नाही." पण खरी हरकत वेगळी होती. "शेतात जनता आहे की माझी. चिखलात पडली, खतात पडली, चालूच आहे. दीड लाखाचं घड्याळ तिची बदली करायला घेऊ का?"

इथं प्रकरण वळलं. आम्ही सगळे एकच घड्याळ सगळीकडं चालेल असं शोधत होतो, कारण बोलताना तसंच बोलायची सवय लागली आहे. सरांकडं सगळीकडं चालणारं घड्याळ आधीपासून होतं. त्यांना दुसरं पाहिजे होतं.

ओरियन त्यांना सगळ्यांत देखणं वाटलं, आणि त्यांनी ते मोकळेपणानं सांगितलं. पांढऱ्या डायलवर आकडे नाहीत, कोरून बसवलेल्या बारीक सोनेरी रेघा आहेत, आणि काटे पोलादाचे, तापवून निळे केलेले. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापवलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि निळा दिसतो, रंग लावलेला नसतो. म्हणून सावलीत हे काटे काळे दिसतात आणि मनगट उजेडाकडं वळवलं की पैठणीच्या पदरासारखे मोरपंखी. डॉक्टर ते दाखवायला दर बैठकीत खिडकीपाशी जातात. सरांची अडचण काचेची. ओरियनची काच घुमटाकार, उन्हात तिच्यावर आभाळ चमकतं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना आकडे नसलेली डायल चमकीत वाचता येईना. डॉक्टरांनी डॉक्टर म्हणून ते लगेच मान्य केलं, घड्याळवाले म्हणून त्यांना वाईट वाटलं.

टेट्रा काकूंना आवडलं, सरांना नाही. त्यावर सरांनी एक गमतीचा हिशेब सांगितला. ताईंचं टेट्रा 27चं, म्हणून ऐकायला छोटं. पण चौकोन मनगटावर बाजूनं दिसत नाही, कर्णानं दिसतो, आणि सत्तावीसच्या चौकोनाचा कर्ण अडतीसच्या वर जातो. "म्हणून तुमच्या हातात ते भरीव दिसतं, ताई. आकडा फसवा आहे." ताईंना आपलं घड्याळ आपल्याला का आवडतं ते इतक्या वर्षांनी कळलं, असं त्या म्हणाल्या.

लुडविग आणि मेट्रोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लुडविग सरांना औपचारिक वाटलं. मेट्रोवरची तारीख त्यांना भिंगाशिवाय दिसली नाही, आणि चावी किती उरली हे सांगणाऱ्या चकतीवर त्यांनी विचारलं, "रोज सकाळी देवपूजा झाली की चावी देतो मी. उरली किती हे कामून बघायचं?" याला उत्तर नाही.

ड्रॉइंग शीटवरचं मनगट

टांगेंटे त्यांनी सगळ्यांत जास्त ठेवून घेतलं. परत केलं तेव्हा सोबत ड्रॉइंग शीटचा एक तुकडा होता.

त्यावर त्यांनी आपलं मनगट वरून बघितल्यासारखं काढलं होतं, एकास एक मापात, टोकदार पेन्सिलनं, मध्यरेषेसकट. त्यावर जनता आणि टांगेंटे 38 दोन्हींचे बाहेरचे आकार, व्हर्नियरनं मोजून. जनता पस्तीसच्या आसपास भरली. टांगेंटेचे पट्टा अडकवायचे कान लांब आणि सरळ असतात, पुढं जाऊन कोनात वाकतात, म्हणून तीन मिलिमीटरचा फरक डायलवर कमी आणि मनगटाच्या लांबीत जास्त जाणवतो. सरांच्या बारीक मनगटावर 38चे कान दोन्ही कडांपर्यंत पोचत होते. शेजारी त्यांनी पस्तीसचा आकार कात्रीनं कापून ठेवला होता. तो मनगटावर ठेवून हात फिरवून दाखवला. दोन्हीकडं थोडी त्वचा दिसत होती.

पण त्याहून पटणारी गोष्ट त्यांनी डायलच्या आत दाखवली. अल्फा मशीनचा व्यास 23.3 मिमी, 35च्या टांगेंटेत तेच आणि 38मध्येही तेच. छोटा सेकंद काटा मशीनला जोडलेला, त्यामुळे मध्यापासून त्याचं अंतर बदलत नाही. घड्याळाचा डबा मोठा केला की कडा बाहेर सरकते, सेकंदाचं वर्तुळ मात्र जागच्या जागी राहतं आणि मधल्या बाजूला ओढल्यासारखं दिसतं. 35मध्ये ते खालच्या कडेशी नीट भिडतं. "मशीन पस्तीससाठी केलेलं आहे. अडतीस म्हणजे तोच पार्ट मोठ्या डब्यात."

इंजिनिअर काही वेळ आपल्या घड्याळाकडं बघत राहिला. त्यानं ते पाहिलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. आता दिसायचं थांबणार नाही असं तो म्हणाला, आणि सरांना थोडं अपराधी वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच जोडलं की मोठ्या मनगटाला अडतीस शोभतं.

शहागंजला

दुरुस्तीचा निकष अजून शिल्लक होता. त्यासाठी सर, इंजिनिअर आणि मी शहागंजला सरांच्या नेहमीच्या घड्याळजींकडं गेलो, घंटाघराच्या मागच्या गल्लीत. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि एक माणूस बसेल एवढी जागा. एचएमटीची डबीभर चाकं, काटे, चाव्या त्यांनी कारखाना बंद व्हायच्या आधीपासून साठवून ठेवल्या आहेत. सरांच्या जनतेचं ऑइलिंग तेच करतात. जालन्याच्या पोराचं कॅम्पस मध्यंतरी दिवसाला काही मिनिटं पुढं पळायला लागलं होतं, तेही यांनीच बरं केलं. तो रोलिंग मिलच्या स्क्रॅप यार्डात फिरतो, तिथं भंगार उचलणारे मोठे विद्युतचुंबक असतात. केसासारखी स्प्रिंग चुंबकीय झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, जणू स्प्रिंग आखूड झाली, आणि घड्याळ पुढं पळतं. त्यांनी ते न उघडता चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावरून फिरवलं आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत.

त्यांनी डोळ्याला भिंग लावून टांगेंटेच्या काचेच्या पाठीतून बराच वेळ पाहिलं. उघडायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही हट्ट धरला नाही. मग म्हणाले, "मशीन उम्दा है साहब. मगर पुर्जा कहाँ से लाओगे?"

पुढचं त्यांनी एचएमटीचं मशीन शेजारी ठेवून समजावलं. एचएमटीत स्प्रिंगच्या पेटीला वेगळा पूल (वरून धरून ठेवणारी पट्टी) आणि चाकांना वेगळा, एकेक खोलून बघता येतो. ग्लासह्युटेच्या जुन्या पद्धतीत एकच मोठी पाटी मशीनचा पाऊण भाग झाकते. मजबूत आहे, दिसायला सुंदर आहे, पण आतलं एक चाक बघायचं तर सगळी पाटी उचलायची, आणि परत बसवताना प्रत्येक चाकाचं टोक त्याच वेळी आपापल्या ज्वेलमध्ये गेलं पाहिजे. एक जरी हुकलं आणि दाब दिला, तर टोक मोडलं. ते म्हणाले की जमेल, हात बसायला एखादं घड्याळ मिळालं तर. पण सरांचं पहिलं नको.

हे प्रामाणिक उत्तर होतं आणि त्यानं निवडीला मदतच झाली. नोमॉस घेतलं की कधीतरी ते जर्मनीला पाठवावं लागणार, हे धरूनच चालायचं. मग जितकं साधं तितकं चांगलं. तारीख नको, आपोआप चावी भरणारं चाक नको, चावीची चकती नको. म्हणजे मेट्रो आपोआप बाद. मला आता वाईट वाटत नव्हतं.

ढाकण

सगळ्यांना वाटलं, आता फक्त बुकिंग राहिलं. टांगेंटे 35, काचेच्या पाठीचं. सर म्हणाले, बंद ढाकणाचं पाहिजे.

यावर जितका वाद झाला तितका आधीच्या कशावरही झाला नव्हता. निळे स्क्रू, पट्टेदार पॉलिश, ज्यासाठी आम्ही हे घड्याळ घेतो, ते सगळं पोलादी ढाकणाखाली झाकायचं? सीए म्हणाले, थोडेच पैसे वाचतील. डॉक्टर म्हणाले, पैसे मी घालतो. जालन्याच्या पोराचं कॅम्पस स्वतःच बंद ढाकणाचं, तरी तो काचेच्या बाजूनं बोलत होता.

सरांचं म्हणणं तीन वाक्यांत संपलं. घड्याळ पुढून बघायचं असतं. बंद ढाकणाचं आणखी थोडं चपटं होतं आणि बाहीखाली सरकतं. आणि पोलादावर अक्षरं कोरता येतात, काचेवर नाही.

काय कोरणार, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. नंतर काकूंकडून कळलं की मुलगी पुण्याला असते, घड्याळ पुढं तिच्याकडं जाणार हे घरात आधीच ठरलेलं होतं, आणि पस्तीस हे माप तिच्या हातालाही चालतं. म्हणजे आम्ही सहा जण एका मनगटाचा विचार करत होतो आणि सर दोघांचा. त्यांनी तो एकदाही निकष म्हणून मांडला नव्हता, आणि मांडला असता तर मी त्याला किती वजन दिलं असतं, हे सांगता येत नाही.

व्यवहार आणि पुढं

घड्याळ इंजिनिअरनं पुढच्या जर्मनी फेरीत आणलं. तिकडचा 19 टक्के व्हॅट विमानतळावर अर्ज करून बराचसा परत मिळतो. इकडं उतरल्यावर ते जाहीर करून ड्युटी भरली, पावती सरांच्या फायलीत लागली. घड्याळ बघायला मिळालं तर पावतीही बघायला मागा. सर ती दाखवतात.

पट्टा टिकला नाही. नोमॉसचे नेहमीचे पट्टे शिकागोच्या हॉर्वीनच्या घोड्याच्या कातड्याचे असतात, कडक, गुळगुळीत, वर्षानुवर्षं टिकणारे. पण सर देवपूजेनंतर तिथंच बसून चावी देतात, आणि देवघरात कातडं चालणार नाही असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आजवर जनतेला चेन होती म्हणून हा प्रश्न आलाच नव्हता. शिवाय इथल्या मे महिन्यात घामानं कातड्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. औरंगपुऱ्यातून 18 मिमीचा करडा नायलॉनचा पट्टा आणला, काही रुपयांचा. इंजिनिअरनं तोंड फिरवलं, पण मला विचाराल तर पांढऱ्या डायलला करडा नायलॉन कातड्यापेक्षा चांगला दिसतो.

जनता अजून शेतात जाते. चावी आता दोन घड्याळांना दिली जाते, आधी जनतेला.

तक्ता मी मोडीत काढलेला नाही. त्यात निकष लिहायचं काम आता ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं एकट्यानं करायचं, आणि बाकीच्यांनी फक्त गुण द्यायचे, एवढा बदल केला. सरांचा ड्रॉइंग शीटचा तुकडा मात्र कायमचा झाला. पुढची चिठ्ठी जालन्याच्या पोराची निघाली आहे. त्याला नोमॉसचंच अहॉय पाहिजे, चाळीसचं, दोनशे मीटर पाण्याचं, पोहण्याच्या तलावावर लॉकरची किल्ली मनगटाला बांधतात तसल्या कापडी पट्ट्याचं. सरांनी त्याच्या मनगटाचं माप घेऊन चाळीसचा आकार कापून दिला. कान बाहेर जातात. पोराचं म्हणणं, कागद वाकत नाही म्हणून तसं दिसतं, आणि सरांनी त्याला पुढच्या रविवारी पुठ्ठा आणि कात्री घेऊन यायला सांगितलं आहे.